दुसऱ्यांचा पेशंट

रात्रीचे साडेअकरा. बायकांच्या सर्जरी वॉर्डात ४० खाटा आणि ४७ पेशंट. वरच्या सात जणी दोन खाटांमधल्या जागेत गाद्या टाकून झोपल्या आहेत. खालून अपघात विभागाचा फोन येतो : आतडं फुटलेल्या एका बाईला ऑपरेशनला घेतलंय, पहाटे तुमच्याकडे येईल, खाट करून ठेवा. निवासी डॉक्टर वॉर्डभर नजर फिरवतो. सगळ्यांत 'बरी' कोण? कोपऱ्यातली पंचेचाळिशीची बाई. दुपारी तीनला थायरॉईडची गाठ काढली, शुद्धीवर आहे, बोलते आहे, संध्याकाळी चहाही प्यायली. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या वॉर्डात दहा-बारा खाटा मोकळ्या आहेत. मोतीबिंदूचे पेशंट आता त्याच दिवशी घरी जातात, त्यामुळे तिथे खाटा असतातच. "हिला डोळ्यांकडे पाठवू." मामा ट्रॉली आणतात, केसपेपर तिच्या पायाशी ठेवतात, मावशी पिशवी उचलतात. पंधरा मिनिटांत काम झालं.

दोन वाजता बाई म्हणते, "सिस्टर, गळा आवळल्यासारखा वाटतोय."

डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर लगेच उठून येते. गळ्यावरची पट्टी बघते. कोरडी आहे. ती पाठीवर हात फिरवते, घोटभर पाणी देते आणि म्हणते, "ऑपरेशन झालंय ना, थोडं वाटणारच. झोपा तुम्ही."

हा प्रसंग मी रचला आहे. पण त्यातली खाट, ट्रॉली, कोरडी पट्टी आणि ते धीराचं वाक्य, यातलं काहीच रचलेलं नाही. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर क्वचित, पण नक्की घडणारी एक गोष्ट आहे : गळ्याच्या स्नायूंच्या आत रक्त साचतं. जागा बंदिस्त असते, त्यामुळे रक्त बाहेर येत नाही आणि पट्टी कोरडीच राहते. आतला दाब वाढत जातो, शिरांमधून परत जाणारं रक्त अडतं, स्वरयंत्राला सूज येते आणि श्वास कोंडतो. हे बहुधा पहिल्या २४ तासांत होतं. त्यावरचा उपाय ऐकायला भयंकर वाटतो, पण साधा आहे : जिथे पेशंट आहे तिथेच, खाटेवरच, टाके उघडायचे आणि रक्ताला वाट द्यायची. ऑपरेशन थिएटरची वाट बघायची नाही.

सर्जरी वॉर्डातल्या सिस्टरने गळा आवळतोय हे शब्द ऐकले असते तर ती पट्टी बघून थांबली नसती. आवाज बदललाय का, मान एका बाजूने फुगली आहे का, आडवं झोपवतं का, हे तिने बघितलं असतं. तिच्या टेबलावर टाके कापायचा ट्रे असतो, आणि युनिटच्या डॉक्टरचा नंबर तिला पाठ असतो. डोळ्यांच्या सिस्टरकडे यातलं काहीच नव्हतं. पण तिच्याकडे जे आहे ते सर्जरीच्या सिस्टरकडे नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा मध्यरात्री डोकं धरून उलट्या करायला लागला, तर डोळ्याच्या आतला दाब वाढला असेल ही शंका तिला आधी येते. सर्जरी वॉर्डात त्याच म्हाताऱ्याला उलटीचं इंजेक्शन मिळालं असतं आणि सकाळपर्यंत डोळा गेला असता. म्हणजे इथे हुशारीचा प्रश्नच नाही. दोघी एकाच कॉलेजात शिकल्या असतील, एकाच हॉस्टेलला राहिल्या असतील. त्यानंतरची दहा वर्षं मात्र दोघींच्या डोळ्यांना वेगवेगळ्या गोष्टी दिसत राहिल्या.

पेशंट एका विभागाचा आणि खाट दुसऱ्या विभागाची, ही अवस्था जगभर आहे. इंग्लंडमध्ये अशा पेशंटला 'आउटलायर' म्हणतात, आणि मेडिसिनचे डॉक्टर आपले विखुरलेले पेशंट शोधत सहा-सात वॉर्ड पालथे घालतात त्या फेरीला थट्टेने 'सफारी राउंड' म्हणतात. चीनमधल्या मोठ्या रुग्णालयांनी याचं धोरणच केलंय. 'सगळं रुग्णालय म्हणजे एकच खाट' अशी त्यांची घोषणा आहे : खाटा कोणत्याही एका विभागाच्या मालकीच्या नाहीत, मध्यवर्ती कक्ष जिथे जागा असेल तिथे पेशंट पाठवतो. आपल्याकडे धोरण वगैरे नाही, गरज आहे. मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंगी, मलेरिया आणि लेप्टोच्या दिवसांत मेडिसिनचे वॉर्ड भरून वाहतात आणि तापाचे पेशंट ऑर्थोपेडिकच्या, कान-नाक-घशाच्या, जिथे मिळेल तिथल्या खाटांवर जाऊन पडतात. त्यांना एक ठराविक नाव नाही. वॉर्डात एवढंच ऐकू येतं, "तो आमचा नाही, मेडिसिनचा आहे."

हे वाक्य दुष्टपणाने उच्चारलेलं नसतं. ते नुसती माहिती म्हणून सांगितलेलं असतं. पण त्यातच सगळा धोका आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये जनरल मेडिसिनच्या पेशंटांचा अभ्यास झाला. स्वतःच्या वॉर्डाबाहेर ठेवलेल्यांमध्ये रुग्णालयातले मृत्यू जास्त आढळले, आणि त्यांची डिस्चार्जची कागदपत्रं वेळेत तयार होण्याचं प्रमाणही कमी आढळलं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. मृत्यूला दहा कारणं असू शकतात. पण कागद उशिरा होतो याचा अर्थ सरळ आहे : तो पेशंट कुणाच्या तरी यादीत शेवटी होता.

मग वॉर्ड म्हणजे नक्की काय? भिंती आणि खाटा नव्हेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने ओळखला जाणारा जुन्या पद्धतीचा वॉर्ड आठवा : लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा, समोरासमोर उंच खिडक्या आणि एका टोकाला सिस्टरचं टेबल. तिथे बसून तिला प्रत्येक छातीची हालचाल दिसायची. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सरकारी रुग्णालयांत अशी दालनं अजून आहेत. त्यांना कितीही नावं ठेवा, नजरेचा पल्ला म्हणून त्यांना तोड नाही. पण नाइटिंगेलबाईंनी 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) या छोट्या पुस्तकात एक प्रकरण लिहिलंय ते वास्तुकलेचं नाही, व्यवस्थेचं आहे. आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होईल अशी सोय कशी लावायची, एवढाच त्याचा विषय आहे. जबाबदार असणं म्हणजे सगळं स्वतः करणं नव्हे, हे त्यांनी तिथे ठणकावून सांगितलंय. विभागाबाहेर गेलेल्या पेशंटची अडचण दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी याहून नेमकी मांडता आली नसती.

वॉर्ड म्हणजे सरावलेली नजर, भरलेलं कपाट, पाठ असलेले नंबर आणि ठरलेल्या वेळा. यातलं काही ट्रॉलीवर चढत नाही. ट्रॉलीवर चढतो पेशंट आणि त्याचा केसपेपर, तोही बऱ्याचदा अर्धवट भरलेला.

कपाटापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत उघड चुका तिथेच होतात. हाडांच्या वॉर्डात मेडिसिनचा पेशंट येतो. उलट्या-जुलाबांनी त्याचं पोटॅशियम खाली गेलंय. डॉक्टर लिहून जातात, सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइड घाला. या वॉर्डात ते ठेवत नाहीत, म्हणून मावशी मेडिसिन वॉर्डातून चार अँप्युल उसने आणतात. एक वापरला, तीन राहिले. दहा मिलीचा अँप्युल, १५ टक्क्यांचं द्रावण, आत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. पाण्यासारखं पारदर्शक. पातळ करून हळूहळू दिलं तर औषध, सरळ शिरेत टोचलं तर हृदय बंद. आता ते तीन अँप्युल हाडांच्या वॉर्डातल्या ट्रेमध्ये, इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या पाण्याच्या अँप्युलांशेजारी पडून आहेत. पेशंट तीन दिवसांनी घरी जातो, अँप्युल मात्र राहतात. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००२ मध्ये काढलेला पहिलाच इशारा याच औषधाबद्दल होता : तीव्र पोटॅशियम साध्या वॉर्डांतून काढून घ्या. आपल्याकडे उसनवारीची पद्धत इतकी मुरलेली आहे की इंडेंट बुकात, म्हणजे औषधमागणीच्या वहीत, एक औषध न येता अख्खा वॉर्ड चालू शकतो. दुसऱ्यांचा पेशंट आला की ही उसनवारी वाढते, आणि तो गेल्यावर उसनं आणलेलं परत करायची आठवण कुणालाच राहत नाही.

इन्सुलिनचं त्याहून अवघड आहे, कारण त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक करून एका मिलीत ४० युनिटच्या मिळतात, त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असतं. पेनमधलं काडतूस आणि काही बाटल्या मात्र एका मिलीत १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. ज्या वॉर्डात रोज वीस जणांना इन्सुलिन दिलं जातं तिथे सिस्टरचा हात टोपणाचा रंग बघूनच पुढे जातो. जिथे महिन्यातून दोन मधुमेही येतात तिथे नातेवाइकाने बाहेरून आणलेली १०० ची बाटली आणि ड्रॉवरमधली लाल टोपणाची सिरिंज यांची गाठ पडू शकते. २० च्या खुणेपर्यंत भरलं की आत गेलेलं इन्सुलिन २० नसतं, ५० युनिट असतं. त्यात पेशंट सकाळच्या ऑपरेशनसाठी उपाशी असेल, आणि त्याच्या खाटेवर उपाशी ठेवल्याची पाटी लावायची राहून गेली असेल, तर पहाटे चारला घाम फुटून तो बेशुद्ध होतो आणि सगळ्यांना वाटतं की झोपलाय.

आणखी एक चूक केवळ हलवण्यामुळे होते. रात्री दहाचं प्रतिजैविक द्यायचं होतं. जुन्या वॉर्डातल्या सिस्टरला वाटलं, निघालाच आहे, तिकडे देतील. नव्या वॉर्डाला वाटलं, तिकडून देऊनच पाठवलं असणार. किंवा याच्या उलट, दोघींनी दिलं. ट्रीटमेंट शीटवर दिलेल्या डोससमोर सही करायची, हा नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तरीही पेशंट निघायच्या अर्ध्या तासातली सही सगळ्यांत जास्त राहते, कारण तेव्हा हातात पेन नसतं, ट्रॉली असते.

एक गोष्ट नातेवाईक म्हणून मी स्वतः पाहिली आहे. माझ्या एका नात्यातल्या काकूंना एका रुग्णालयात रात्री १४ नंबरवरून दुसऱ्या वॉर्डातल्या ५ नंबरवर हलवलं. सकाळी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला तो जुन्या वॉर्डातल्या १४ वर, जिथे आता दुसरीच बाई होती. आडनाव तेच. सुदैवाने वयात तीस वर्षांचा फरक होता म्हणून कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या दिवसापासून मी वॉर्डात "पाच नंबर", "चौदा नंबर" अशी हाक ऐकली की अस्वस्थ होतो. खाटेचा नंबर ही पेशंटची ओळख नव्हे, हे सुरक्षिततेच्या प्रत्येक नियमावलीत लिहिलेलं असतं : पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा किमान दोन खुणा जुळल्याशिवाय इंजेक्शन नाही, रक्त नाही. पण तोंडाला वळण नंबराचं आहे. पेशंट एकाच जागी असेपर्यंत ते खपतं.

आता नजरेकडे येऊ. जी नजर दहा वर्षांत तयार होते ती ट्रॉलीवर पाठवता येत नाही, मग तिच्या जागी काय पाठवायचं? याचं एक उत्तर आकड्यांत सापडलं. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी काही डॉक्टरांनी साध्या नोंदींना गुण द्यायला सुरुवात केली. पुढे २०१२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सगळ्या देशासाठी एकच तक्ता केला आणि २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, तापमान, वरचा रक्तदाब, नाडी आणि शुद्ध, या सहा गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, आणि पेशंट ऑक्सिजनवर असेल तर आणखी दोन. जितके गुण जास्त तितकी प्रकृती वाईट.

एक उदाहरण करून बघा. मेडिसिनचा पेशंट नाक-कान-घशाच्या वॉर्डात आहे. श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९५, ताप ३८.२ अंश सेल्सिअस, रक्तदाब १०८, नाडी ११२, शुद्ध व्यवस्थित. यातला एकही आकडा दचकावणारा नाही. ऑक्सिजन पंचाण्णव आहे, नाडी तापामुळे वाढली असेल, बोलतोय नीट. सिस्टर आकडे लिहून पुढच्या खाटेकडे जाईल. तक्त्यात घाला : श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, तापाचा १, रक्तदाबाचा १, नाडीचे २. एकूण ७. आणि सात म्हणजे तातडीने वरिष्ठ डॉक्टरांना बोलवा. पाचला लवकर तपासणी, सातला धावपळ, असा तो हिशोब आहे. या तक्त्याची खुबी अशी की पेशंट कोणत्या विभागाचा आहे हे त्याला माहीतच नसतं. डोळ्यांची सिस्टर, हाडांची सिस्टर, बाळंतपणातली सिस्टर, सगळ्या एकाच भाषेत 'सात' म्हणू शकतात, आणि फोनच्या पलीकडचा डॉक्टर "बघू सकाळी" म्हणताना अडखळतो.

या सहा गोष्टींतली सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत खोटी लिहिली जाणारी गोष्ट म्हणजे श्वास. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवतं. श्वास मात्र घड्याळ लावून छातीकडे बघत मोजावा लागतो, म्हणून टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर अख्ख्या वॉर्डाचा श्वास १८ किंवा २० असतो. हे सगळ्यांना माहीत आहे.

तक्त्याला मर्यादाही आहेत. गळ्यात रक्त साचणाऱ्या आपल्या बाईचे गुण दोन वाजता कदाचित दोन-तीनच भरले असते. ऑक्सिजन घसरेपर्यंत फार उशीर होतो. ऑर्थोचा प्लास्टर घातलेला पेशंट मेडिसिनच्या खाटेवर असेल, आणि प्लास्टरच्या आत स्नायूंचा दाब वाढून पाय मरत चालला असेल, तरी सहाही आकडे नाकासमोर चालतील. तिथे खूण एकच : इजेच्या मानाने फार जास्त दुखणं, आणि बोटं हलकेच ताणली की किंकाळी. छातीत नळी घातलेल्याची बाटली खाटेच्या वर उचलून ठेवली, किंवा नेताना नळीला चिमटा लावला, तर तक्ता काय करणार? अर्धांगवायूच्या पेशंटला गिळता येतं का हे न बघता कुणी चहा पाजला, तरी तक्त्याला ते दोन दिवसांनी, न्यूमोनिया झाल्यावर कळतं. म्हणून आकड्यांच्या सोबत प्रत्येक पेशंटबरोबर त्याच्या आजाराच्या दोन-तीन खुणा जायला हव्यात, लिहून, मोठ्या अक्षरांत, खाटेवर लावून. पानभर नकोत. पानभर सूचना रात्री दोनला कुणी वाचत नाही.

नर्सेस ड्यूटी बदलताना एकमेकींना पेशंटांची माहिती देतात त्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. एका वॉर्डातल्या ओव्हरमध्ये बरंच न बोलता चालतं. "बारा नंबर तसाच आहे," एवढं पुरतं, कारण तो कसा आहे हे दोघींनी काल पाहिलेलं असतं. दुसऱ्या वॉर्डाला ओव्हर देताना 'तसाच' या शब्दाला अर्थ नसतो. अणुपाणबुड्यांवर काम करणाऱ्या अमेरिकन नौदलात बोलण्याची एक शिस्त होती. ती या शतकाच्या सुरुवातीला कायझर परमनंटे या अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्यांनी रुग्णालयांत आणली. चार पायऱ्या : आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. डॉक्टरांच्या हस्तांतरणासाठी अशीच एक शिस्तबद्ध पद्धत उत्तर अमेरिकेतल्या नऊ बालरुग्णालयांत शिकवून तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०,७४० भरती पेशंट होते. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या. एकही नवं औषध नाही, एकही नवं यंत्र नाही.

आपल्या वॉर्डातला फोन बहुधा असा असतो :

"डॉक्टर, तुमच्या आठ नंबरला बरं वाटत नाहीये."

"काय होतंय?"

"अस्वस्थ आहे."

"बीपी किती?"

"थांबा, बघून सांगते."

पलीकडचा डॉक्टर थांबत नाही. त्याच्यासमोर आणखी तीस पेशंट असतात. तोच फोन असाही होऊ शकतो :

"डॉक्टर, डोळ्यांच्या वॉर्डातून स्टाफ बोलतेय. तुमच्या युनिटची थायरॉईडची पेशंट आमच्याकडे आहे, दुपारी तीनला ऑपरेशन झालंय. वीस मिनिटांत आवाज बसलाय, मान डावीकडून फुगलीय, आडवं होता येत नाही. आतून रक्त साचतंय असं मला वाटतं. तुम्ही आत्ता इथे या."

या दुसऱ्या फोनमधलं सगळ्यांत जड वाक्य 'असं मला वाटतं' हे आहे. पहिल्या दोन पायऱ्या शिकवता येतात, त्या आकड्यांच्या आहेत. तिसरीला धीर लागतो. आपल्याकडे निदान सुचवणं हे सिस्टरचं काम नव्हे, असा दोन्ही बाजूंचा समज आहे. वीस वर्षांच्या अनुभवाची स्टाफ पंचवीस वर्षांच्या निवासी डॉक्टरला "सर, जरा बघता का" म्हणते आणि कारण गिळून टाकते. स्वतःच्या वॉर्डात तरी ओळखीचा आधार असतो. परक्या युनिटच्या डॉक्टरला, ज्याचा चेहराही पाहिलेला नाही, रात्री दोनला आपला अंदाज सांगणं याला खरोखरच छाती लागते. आणि तो डॉक्टर कोण, हेच बऱ्याचदा कळत नाही. केसपेपरवर युनिट प्रमुखांचं नाव असतं, आज रात्री फोन कोण उचलणार त्याचं नसतं. कॉल बुक घेऊन मामा निघतात, सर्जरी वॉर्डात जातात, डॉक्टर थिएटरमध्ये असतो, बुक टेबलावर ठेवून मामा परत येतात. 'कॉल पाठवला २.१५' अशी नोंद होते. नोंद खरी असते. पण कॉल पोचलेला नसतो.

हे सगळं वाचून वाटेल की मग पेशंट हलवूच नयेत. तसं म्हणणं सोपं आहे, पण जमिनीवर गादी टाकून ठेवणंही सुरक्षित नाही. तिथे ऑक्सिजनची नळी पोचत नाही आणि रात्री कुणाचा तरी पाय पडतो. प्रश्न कोणाला हलवायचं हा आहे. उत्तराची पद्धत इतकी उलटी आहे की सांगताना हसू येतं : आपण सगळ्यांत 'बरा' दिसणारा निवडतो. खरं तर ज्याच्या धोक्याची वेळ उलटून गेली आहे तो निवडायला हवा. आपली थायरॉईडची बाई त्या वॉर्डात सगळ्यांत ठणठणीत दिसत होती आणि तिचे २४ तास अजून सरायचे होते. तिच्याच शेजारी पाच दिवसांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली, कण्हणारी, चिडचिडी मुलगी होती. ती दिसायला वाईट होती, पण हलवायला चांगली. आज ऑपरेशन झालेला, पहिल्यांदाच रक्त चढत असलेला, भ्रमात बडबडणारा, छातीत किंवा पोटात नळी असलेला पेशंट आपल्या वॉर्डातच राहावा. नव्याने गुडघा बदललेल्यांच्या वॉर्डात पू झालेली जखम पाठवू नये. आणि शक्य असेल तर हलवाहलव दिवसा करावी, दोन्हीकडे माणसं असताना.

कारण खाट रिकामी म्हणजे नर्स रिकामी नव्हे. पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या २ लाख ३२ हजार शस्त्रक्रियेच्या पेशंटांचा अभ्यास लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. तिथे तुलना चार पेशंट आणि आठ पेशंट यांच्यात चालली होती. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक असा आहे. रात्री कोणत्याही मोठ्या सरकारी वॉर्डाच्या दारात उभं राहून माना मोजा आणि सिस्टर मोजा. डोळ्यांच्या वॉर्डात रात्री एकच स्टाफ असते, कारण तिथले पेशंट रात्री झोपतात. तिथे चार दुसऱ्यांचे पेशंट पाठवले तर खाटांचा हिशोब जुळतो, पण तिच्या रात्रीचा हिशोब कुणी केलेला नसतो. जिथे खाटा वाटणारी मेट्रन "तिथे स्टाफ किती आहेत?" हा प्रश्न आधी विचारते आणि "नाही, आज तिकडे नको" म्हणू शकते, तिथे निम्मं काम झालेलं असतं.

ब्रिटनमधल्या तीन वैद्यकीय संघटनांनी मिळून थायरॉईडच्या ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावासाठी काही वर्षांपूर्वी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एका खोक्याचा उल्लेख आहे. टाके कापायची कात्री, चिमटे, गॉज, असं मोजकं सामान असलेलं खोकं, आणि ते पेशंटच्या उशाशी ठेवायचं. भिंतीवरच्या कपाटात नाही, सिस्टरच्या टेबलावर नाही. उशाशी ठेवलेली वस्तू पेशंटबरोबर उचलून नेता येते.

तर ती रात्र पुन्हा एकदा, थोडी वेगळी. अपेंडिक्सची मुलगी कुरकुरत डोळ्यांच्या वॉर्डात गेली आहे. पण पहाटे आणखी एक खाट लागली आणि शेवटी थायरॉईडच्या बाईलाही हलवावंच लागलं. या वेळी ट्रॉलीबरोबर मामा आणि मावशी आहेतच, शिवाय सर्जरीची स्टाफ चालते आहे. बाईच्या मांडीवर एक बुटाच्या खोक्याएवढं खोकं आहे. त्यावर चिकटपट्टीने कागद लावलाय : ऑपरेशनची वेळ, तीन खुणा, आणि आज रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा मोबाइल नंबर. डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर खोकं उघडून आत बघते.

"हे मी उघडायचं?"

"आवाज बसला, मान फुगली तर आधी फोन. आम्ही धावत येतो. कुणीच पोचलं नाही आणि श्वास कोंडला, तर हो, ताई, टाके तुम्हीच कापायचे. एकदा दाखवते, या."

दोघी ट्यूबलाइटखाली उभ्या राहून कात्री कुठे लावायची ते बघतात. बाई त्यांच्याकडे बघत असते. "मला काही होणारे का?" ती विचारते. "नाही हो," दोघी एकदम म्हणतात, आणि डोळ्यांची सिस्टर खुर्ची ओढून तिच्या खाटेजवळ आणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बाई सर्जरी वॉर्डात परत आली. बुकात सही झाली : पेशंट एक, केसपेपर, एक्स-रे दोन, खोकं एक, न उघडलेलं.